चाक बसते, पण जुळते का? अलॉय व्हीलच्या खरेदीत पडताळणीचा भार ग्राहकावरच

नवी दिल्ली : मोटारीची मूळ लोखंडी चाके काढून त्यांच्या जागी मिश्रधातूची, आकाराने मोठी आणि देखणी चाके बसवण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. दिल्लीतील करोल बाग व काश्मिरी गेट, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बंगळुरूचा जे. सी. रोड अशा जुन्या बाजारांत मिळणारी चाके आता ऑनलाइन मागणी नोंदवून तालुक्याच्या गावीही घरपोच मागवता येतात. खरेदी सोपी झाली आहे. घेतलेले चाक आपल्या मोटारीसाठी योग्य आहे की नाही, हे ठरवणे मात्र तितके सोपे झालेले नाही.

चाकांच्या मजबुतीसाठी देशात मानक आहे. वाहनात मनमानी बदल करण्यास प्रतिबंध करणारा कायदाही आहे. परंतु विशिष्ट चाक विशिष्ट मोटारीशी जुळते का, याची खातरजमा विक्रीच्या वेळी करणारी यंत्रणा या दोहोंच्या मध्ये नाही. ती जबाबदारी व्यवहारात ग्राहकावर येऊन पडते आणि बहुतेक ग्राहकांना तिची जाणीव चाके बसवून, पैसे देऊन, रस्त्यावर आल्यानंतर होते. स्टिअरिंग थरथरू लागते, पूर्ण वळणावर टायर आतल्या बाजूला घासतो किंवा चार माणसे बसल्यावर मडगार्डला लागतो. हे दोष निदान जाणवतात तरी. अधिक धोकादायक दोष असे असतात की जे बराच काळ जाणवतच नाहीत.

छिद्रे जुळली म्हणजे चाक जुळले नव्हे

दुकानात चाकाविषयी पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, चौकशी होते ती पीसीडीची. ज्या काल्पनिक वर्तुळावर नटांची छिद्रे असतात त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘४ × १००’ याचा अर्थ १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार छिद्रे. मारुतीची स्विफ्ट, ह्युंदाईची आय-२० आणि होंडाच्या जॅझ व सिटीच्या बऱ्याच आवृत्त्या या मापाच्या आहेत. फोर्डच्या इकोस्पोर्टला ४ × १०८ हे माप लागते, फोक्सवॅगन पोलोला ५ × १००, स्कोडा ऑक्टाव्हियाला ५ × ११२, तर ह्युंदाई क्रेटाला ५ × ११४.३.

यातील काही मापे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की डोळ्यांना फरक दिसत नाही. फियाटच्या पालिओचे माप ४ × ९८ होते. शंभरच्या मापाचे चाक तिच्यावर ‘थोडे दाबून’ चढवता येते, असे सांगणारे कारागीर अजूनही भेटतात. व्यासातील दोन मिलिमीटरचा फरक प्रत्येक छिद्राच्या वाट्याला एक मिलिमीटर येतो. तेवढ्या तफावतीमुळे नट आपल्या बैठकीत सरळ बसत नाही आणि स्टडवर कायमचा वाकवणारा ताण येतो. पाच छिद्रांच्या चाकात तर समोरासमोर छिद्रे नसल्याने मोजणेही अवघड. शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतराला १.७ ने गुणले की पीसीडी साधारणपणे मिळतो. मात्र ११२ आणि ११४.३ या मापांत शेजारच्या छिद्रांमधले अंतर अवघे १.४ मिलिमीटरने बदलते. शिंप्याच्या टेपने हा फरक कळणे शक्य नाही. त्यासाठी चाकाच्या मागील बाजूस कोरलेले माप वाचावे लागते किंवा व्हर्निअर कॅलिपर वापरावा लागतो.

पीसीडी जुळला तरी दुसरा प्रश्न उभा राहतो तो चाकाच्या मधल्या भोकाचा, म्हणजे सेंटर बोअरचा. चार छिद्रांच्या स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, तर जॅझ आणि सिटीचा ५६.१ मिलिमीटर आहे. त्यामुळे स्विफ्टचे मूळ चाक पीसीडी तोच असूनही जॅझच्या हबवर टेकत नाही. उलट, जॅझचे चाक स्विफ्टवर सहज जाते. पण हब आणि चाक यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची मोकळीक राहते. बाजारातील बहुतेक चाके अनेक मोटारींना चालावीत म्हणून मधले भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते. ही मोकळीक भरून काढण्यासाठी योग्य मापाची हब रिंग, म्हणजे प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी, बसवावी लागते. ती नसेल तर चाक केंद्रात आणण्याचे काम केवळ नटांवर येते आणि ते किंचित सरकून बसल्यास ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. अशा वेळी ग्राहक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, पैसे खर्च होत राहतात आणि दोष तसाच राहतो. काही रुपयांची कडी बसवली नसल्याचे कोणी पाहिलेलेच नसते.

सर्वांत दुर्लक्षित भाग नटाचा

चाक मोटारीला धरून ठेवतो तो नट किंवा बोल्ट. तरीही खरेदीच्या चर्चेत तो सर्वांत शेवटी येतो. मारुती सुझुकीच्या मोटारींच्या स्टडवर १२ मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. होंडा, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बहुतांश मोटारींत व्यास तोच. परंतु आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर. चुकीचा नट पहिले एक-दोन फेरे सहज घेतो, मग अडतो आणि हवेच्या गनने जोर लावला की आटे कापत पुढे जातो. वरून पाहणाऱ्याला तो घट्ट बसल्यासारखाच दिसतो.

नटाच्या बैठकीचा आकार ही आणखी वेगळी बाब. होंडाच्या मूळ चाकांत नटाची बैठक गोलाकार असते, तर बाजारातील बहुसंख्य अलॉय व्हीलमध्ये ती ६० अंशांच्या शंकूची असते. फोक्सवॅगन समूहाच्या मोटारींत नटांऐवजी गोलाकार बैठकीचे बोल्ट येतात. गोल बैठकीचा नट शंकूच्या खळग्यात घातल्यास दोन्ही पृष्ठभाग पूर्ण न टेकता केवळ एका बारीक रेषेवर टेकतात. आवळताना पान्याला घट्टपणा जाणवतो, पण तो खरा नसतो. काही अंतर धावल्यावर नट सैल होऊ लागतो. म्हणूनच नवीन चाकांबरोबर त्यांच्या बैठकीला आणि मोटारीच्या आट्यांना अनुरूप नट घेणे अनिवार्य मानले पाहिजे. अलॉय व्हीलची जाडी लोखंडी चाकापेक्षा अधिक असल्याने नट पुरेसा आत जातो का, हेही पाहावे लागते. १२ मिलिमीटरच्या स्टडवर निदान तेवढ्याच लांबीचे आटे पकडीत यावेत, असा संकेत आहे. म्हणजे १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर सुमारे आठ आणि १.२५ च्या आट्यांवर सुमारे दहा पूर्ण फेरे.

ऑफसेट : न दिसणारे माप

चाकाची रुंदी आणि ऑफसेट ही मापे एकत्र वाचली तरच अर्थपूर्ण ठरतात. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. ते चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. समजा मूळ चाक सहा इंच रुंद व ईटी ४५ चे आहे आणि त्याऐवजी सात इंच रुंद, ईटी ३५ चे चाक घेतले. रुंदी एक इंचाने वाढल्यामुळे दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२.७ मिलिमीटरची वाढ होते. ऑफसेट दहाने कमी झाल्यामुळे संपूर्ण चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकते. परिणामी बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड केवळ २.७ मिलिमीटर आत जाते. बाहेरची ही जवळपास इंचभर वाढ मडगार्डखाली मावेल का, हे कागदावरच कळते. त्यासाठी चाक बसवून पाहण्याची गरज नसते.

चाक फार बाहेर आले तर केवळ घासण्याचा प्रश्न नसतो. हबच्या बेअरिंगवर पडणाऱ्या भाराची जागा बदलते, स्टिअरिंग खड्ड्यात अधिक ओढ घेते आणि ब्रेक लावताना मोटार एका बाजूला खेचली जाऊ शकते. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर चिखल आणि खडे उडवतात. आपल्या रस्त्यांवर दुचाकींची संख्या पाहता ही गोष्ट मालकाच्या खासगी आवडीपुरती राहत नाही. याउलट चाक फार आत गेल्यास ते सस्पेन्शनच्या दांड्याला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला लागू शकते. त्यावर उपाय म्हणून विकले जाणारे स्पेसर, म्हणजे मध्ये घालायच्या चकत्या, नटाची पकड तेवढीच कमी करतात.

मोठे चाक, छोटा टायर आणि आकडेमोड

चाकाचा व्यास वाढवला तरी टायरसह एकूण उंची मूळ मापाच्या जवळपास राहिली पाहिजे. स्विफ्टच्या खालच्या आवृत्तीत १६५/८० आर १४ आणि वरच्या आवृत्तीत १८५/६५ आर १५ हे टायर कंपनीच देते. पहिल्याचा एकूण व्यास ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर येतो. फरक फक्त ०.३ टक्के. याच मोटारीला १६ इंची चाके लावायची झाल्यास १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर भरतो, म्हणजे तोही जुळतो. दुकानात त्या दिवशी शिल्लक आहे म्हणून २०५/६० आर १६ घेतला तर व्यास ६५२.४ मिलिमीटर होतो, जवळपास पाच टक्के अधिक. स्पीडोमीटर ताशी १०० किलोमीटर दाखवत असेल तेव्हा मोटार त्याच्या मूळ हिशेबापेक्षा पाच किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. अंतर मोजणाऱ्या आकड्यांतही तेवढीच चूक शिरते.

उंची जुळली म्हणजे हिशेब संपला, असेही नाही. प्रत्येक टायरवर भारांक लिहिलेला असतो. १८५/६५ आर १५ या मापाचा नेहमीचा भारांक ८८, म्हणजे प्रति टायर ५६० किलो. १९५/५५ आर १६ हा टायर बहुधा ८७ भारांकाचा येतो, म्हणजे ५४५ किलो. चार टायर मिळून ही क्षमता ६० किलोंनी, साधारणपणे एका प्रवाशाच्या वजनाने, घटते. मोटारीच्या हस्तपुस्तिकेत दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर घेऊ नये, हा नियम त्यामुळे केवळ औपचारिक ठरत नाही. चाकालाही स्वतंत्र भारक्षमता असते आणि ती बहुधा मागील बाजूस किलोमध्ये कोरलेली असते.

कमी उंचीच्या टायरची किंमत रस्ता वसूल करतो. खड्ड्याचा धक्का शोषण्यासाठी टायरची बाजू जितकी कमी, तितका तो धक्का चाकाच्या कडेला अधिक बसतो. लोखंडी चाक वाकते आणि पुष्कळदा ठोकून सरळ करता येते. ओतीव ॲल्युमिनियमला मात्र तडा जातो. तडा गेलेल्या चाकाला वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. उष्णतेने धातूची मूळ ताकद त्या जागी बदललेली असते आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होऊ शकतो.

मानक चाकाची परीक्षा घेते, जोडीची नाही

प्रवासी मोटारींच्या चाकांसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ९४३६’ हे मानक आहे. वळणावरील ताणाची, सरळ भाराखालील थकव्याची आणि मिश्रधातूच्या चाकांसाठी आघाताची चाचणी चाकाने उत्तीर्ण करणे अपेक्षित असते. केंद्र सरकारने २०२० मध्ये वाहनांच्या चाकांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून हे प्रमाणन बंधनकारक करण्याच्या दिशेने पाऊल टाकले. त्यामुळे खरेदी करताना आयएसआय चिन्ह शोधणे ही पहिली पायरी ठरते. आयात चाकांवर दिसणारी जपानची ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ ही चिन्हेही उपयुक्त असतात. मात्र त्यातील पहिले निर्माता स्वतःच्या घोषणेवर लावतो, तर दुसऱ्यामागे स्वतंत्र चाचणी असते, हा फरक ग्राहकाला माहीत असावा.

परंतु ही सर्व चिन्हे चाक स्वतः किती मजबूत आहे एवढेच सांगतात. ते कोणत्या मोटारीवर बसवावे, याविषयी ती मौन बाळगतात. जर्मनीत ही पोकळी कागदाने भरली आहे. तेथे बाजारातील चाकासोबत मान्यतापत्र किंवा तपासणी अहवाल येतो. त्यात कोणत्या मोटारीला, कोणत्या टायरसह आणि कोणत्या अटींवर ते चाक चालेल, याची यादी असते. पर्यायी चाकांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत १२४ क्रमांकाचा स्वतंत्र नियमही आहे. आपल्याकडे अशी यादी विक्रेत्याच्या स्मरणशक्तीत असते.

कायदा आणि विमा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

अलॉय व्हीलचा स्वतंत्र उल्लेख कलम ५२ मध्ये नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी ‘बदल’ या शब्दाची व्याख्या त्यात आहे. त्यामुळे निर्मात्यानेच त्या मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत दिलेल्या मापाची चाके घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो, तर मडगार्डच्या बाहेर येणारी चाके तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेत सहज भरतात.

विम्याचा हिशेब वेगळा आहे. निर्मात्याने न बसवलेली चाके विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवली नाहीत, तर अपघात किंवा चोरीनंतर त्यांचे मूल्य मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. केवळ टायरचे नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरले जात नाही. मोटारीचेही त्याच वेळी नुकसान झाले असेल तरच टायरच्या बदली खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. कमी उंचीचे महाग टायर घेणाऱ्याने हा आकडा खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

या सर्वांतून ग्राहकासाठी एक सोपा क्रम निघतो. घरून निघण्यापूर्वी मोटारीच्या हस्तपुस्तिकेतून आणि चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवरून टायरचे माप व भारांक लिहून घ्यावेत. मूळ चाकाच्या मागील बाजूवरून रुंदी आणि ऑफसेट टिपावेत. पीसीडी, सेंटर बोअर, आट्यांचे माप आणि बैठकीचा आकार सेवा केंद्रातून विचारून घेता येतात. ‘तुमच्या गाडीला बसते’ हे विक्रेत्याचे वाक्य या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

दुकानात चारही चाकांवर टायर चढवण्याआधी एक रिकामे चाक पुढे आणि मागे, दोन्हीकडे लावून पाहावे, कारण टायर चढवलेले चाक परत घेण्यास विक्रेते सहसा तयार नसतात. चाक हबवर सपाट टेकते का, हाताने फिरवताना कॅलिपरला लागते का, प्रत्येक नट हाताने किती फेरे आत जातो, हे पाहावे. एका चाकावर टायर चढवल्यानंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि मोटारीत माणसे बसवून पुन्हा पाहावे. अखेरीस नट हवेच्या गनवर न सोडता टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, हस्तपुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळून घ्यावेत. लहान मोटारींत हे माप साधारणपणे ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासणे आवश्यक आहे. स्टेपनी जुन्या लोखंडी चाकाचीच राहणार असेल, तर तिचे मूळ नटही डिकीत ठेवावेत. अडचणीच्या वेळी नव्या चाकांचे नट तिला चालतीलच, असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र बिलाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा आणि मानक यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला असून, सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीसाठी निर्माता व विक्रेता यांच्या दायित्वाचीही तरतूद केली आहे. परंतु ‘अलॉय व्हील, चार नग’ एवढेच लिहिलेले बिल ग्राहक आयोगासमोर फारसे काही सिद्ध करू शकत नाही. मोटारीचे मॉडेल व निर्मितीवर्ष, चाकाची सर्व मापे आणि ‘या वाहनासाठी योग्य’ असा उल्लेख असलेले बिल विक्रेत्याला आपल्या शब्दाशी बांधते. असे बिल देण्यास नकार मिळाला, तर विक्रेत्याला स्वतःच्या सल्ल्याची किती खात्री आहे, तेही स्पष्ट होते.

व्यवस्थेच्या पातळीवरचा उपायही याहून फार वेगळा नाही. मोटार उत्पादकांनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी चाकाची सर्व मापे आणि अनुमत टायर यांची यादी हस्तपुस्तिकेत ठळकपणे छापावी आणि चाकाच्या प्रमाणनासोबत अनुरूप वाहनांचा तक्ता देणे निर्मात्यांना बंधनकारक व्हावे, एवढ्याने ही पोकळी बरीचशी भरून निघेल. तोवर कॅलिपर, हस्तपुस्तिका आणि तपशीलवार बिल हीच ग्राहकाच्या हातातील साधने आहेत. चाके आवडीने निवडावीत. पण पैसे मापे ताडून पाहिल्यावरच द्यावेत.